तातीचा 'परेड' बघायचा तर: रिंगणाकडे कमी, बाकड्यांकडे जास्त

'परेड' पहिल्यांदा बघणारे बरेच जण विसाव्या मिनिटाच्या आसपास चुळबुळायला लागतात. गोष्ट कधी सुरू होणार, हा त्यांचा प्रश्न. ती सुरू होतच नाही. झाक ताती या फ्रेंच विनोदी दिग्दर्शकाचा १९७४ सालचा हा शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणजे सर्कशीचा एक खेळ आहे. लोक रांगेत उभे राहतात तिथे तो सुरू होतो आणि खेळ संपून रिंगण रिकामं झाल्यावरही थोडा वेळ चालू राहतो. नायक नाही, खलनायक नाही, तातीने जगाला ओळखीचा करून दिलेला रेनकोट आणि पाइपवाला उलो हे पात्रसुद्धा नाही.

म्हणून सरळ लावला आणि बघितला, असं केलं की तो हातातून निसटतो. थोडी तयारी लागते. ती अवघड नाही, एका संध्याकाळचं काम आहे. चित्रपट एकट्याने किंवा घरच्यांसोबत बघणाऱ्यांसाठी आणि फिल्म सोसायटीत दाखवू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी एवढं माहीत असू द्या

तातीचा जन्म १९०७ चा. तो चित्रपटांत आला रंगमंचावरून. तरुणपणी रग्बी खेळायचा, आणि खेळाडूंच्या हालचालींच्या नकला करून १९३० च्या दशकात पॅरिसच्या संगीत-करमणुकीच्या थिएटरांत नाव कमावलं. टेनिसपटू, गोलकीपर, मुष्टियोद्धा, घोडेस्वार अशी ती सोंगं. १९३६ मध्ये लेखिका कोलेतने त्याच्यावर भरभरून लिहिलं. हा माणूस एकाच वेळी खेळाडूही होतो आणि चेंडूही, घोडाही होतो आणि स्वारही, अशा आशयाचं. 'परेड'मध्ये पासष्टीच्या आसपासचा ताती हीच सोंगं पुन्हा करतो. चाळीस वर्षांपूर्वीचं सामान तो पेटीतून काढतोय हे ठाऊक असलं की त्या प्रसंगांचं वजन लक्षात येतं.

मधल्या काळात त्याने चित्रपट केले मोजकेच. 'झूर द फेत' (१९४९), 'मस्य उलोची सुट्टी' (१९५३), ऑस्कर मिळालेला 'मॉन ऑन्क्ल' (१९५८), 'प्लेटाइम' (१९६७) आणि 'ट्रॅफिक' (१९७१). यातल्या 'प्लेटाइम'ने त्याला बुडवलं. पॅरिसबाहेर अख्खं शहर उभारून ७० मिलिमीटरवर चित्रण केलं, काम वर्षानुवर्षं लांबलं, आणि कर्ज इतकं झालं की कंपनी गेली आणि आधीच्या चित्रपटांवरचे हक्कही गेले. 'परेड'साठी पैसा आला तो स्वीडिश टेलिव्हिजनकडून. चित्रण मुख्यतः स्टॉकहोममधल्या 'सर्कस' याच नावाच्या इमारतीत झालं. १८९२ साली उघडलेली ही पक्क्या बांधकामाची गोल वास्तू आहे, तेव्हा तंबूची अपेक्षा ठेवू नका. छायाचित्रणात दोन नावं महत्त्वाची: 'प्लेटाइम' चित्रित करणारा जाँ बादाल, आणि स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' चित्रित करणारा गुन्नार फिशर. संगीत शार्ल द्यूमाँचं. संकलनात तातीची मुलगी सोफी तातिशेफ होती.

स्वस्तात केलेला टीव्हीचा कार्यक्रम म्हणून याला बाजूला सारणारे बरेच आहेत. आमच्या मते ही चूक आहे. 'प्लेटाइम'मध्ये अफाट खर्च करून ताती जे शोधत होता, बघणारा आणि करणारा यांच्यातली भिंत पाडायची कशी, ते त्याला इथे एका रिंगणात आणि चार बाकांवर सापडलं.

आता सर्कशीबद्दल दोन वाक्यं, कारण आज पंचविशीच्या आत असलेल्या पुष्कळांनी ती पाहिलेलीच नसते. रिंगण साधारण १३ मीटर व्यासाचं असतं, म्हणजे ४२ फूट. हे माप घोड्यावरून आलं. एवढ्या वर्तुळात घोडा एका लयीत दौडला की पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसाला तोल साधता येतो. आपल्याकडेही सुरुवात घोड्यांपासूनच झाली. घोड्यांचे उस्ताद विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. दुसरं म्हणजे रिंगण गोल असल्यामुळे समोरच्या बाजूचे प्रेक्षक तुम्हाला सतत दिसत राहतात. नाटकात पुढच्या माणसाचं डोकं दिसतं, इथे चेहरा दिसतो. 'परेड'ची सगळी गंमत या एका गोष्टीवर उभी आहे.

पायरी १: तयारीचे दोन तुकडे

अख्खा ताती आधी बघून काढायची गरज नाही. दोन गोष्टी पुरे होतात.

पहिली, 'कूर द्यु स्वार' हा १९६७ चा लघुपट, सुमारे अर्ध्या तासाचा. दिग्दर्शन निकोला रिबोव्स्कीचं, 'प्लेटाइम'च्या कामादरम्यान केलेला. यात ताती संध्याकाळच्या वर्गात काही प्रौढ विद्यार्थ्यांना नक्कल कशी करायची ते शिकवतो. पायरीला अडखळणं, सिगारेट ओढणं, टेनिस, घोडा. विद्यार्थी वाईट करतात, मग तो करून दाखवतो. याहून सोपी पूर्वतयारी नाही, कारण हालचाल सुटी करून कशी बघायची हे दिग्दर्शक स्वतःच शिकवून ठेवतो.

दुसरी, 'प्लेटाइम'मधला रॉयल गार्डन रेस्टॉरंटचा भाग, पाऊण तासाच्या आसपासचा. नव्याकोऱ्या हॉटेलाची उद्घाटनाची रात्र. एकेक वस्तू मोडत जाते, शिस्त सुटते आणि गिऱ्हाइकं आपलीच मैफल जमवतात. 'परेड' तिथून पुढे चालू होतो असं समजा.

उलोचे चित्रपट आधी पाहिले असतील तर उत्तम, पण आदल्याच दिवशी पाहू नका. डोळा त्याला शोधत राहतो आणि निराश होतो. मध्ये आठवडा जाऊ द्या.

पायरी २: प्रत कोणती घ्यावी

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या प्रती टाळा. चित्रपटाचा मोठा भाग मुळातच व्हिडिओ टेपवर चित्रित होऊन मग फिल्मवर उतरवला गेला. त्याची आणखी एक घसरलेली नक्कल बघितली तर प्रेक्षकांचे चेहरे पिठासारखे सपाट दिसतात, आणि चेहरेच दिसत नसतील तर बघण्यासारखं उरतं काय?

सोफी तातिशेफ आणि तिच्या सोबत्यांनी २००१ साली स्थापलेल्या 'ले फिल्म द मॉन ऑन्क्ल' या संस्थेने तातीचे चित्रपट दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणले. २०१४ पासून सगळ्या चित्रपटांचे संच ब्लू-रेवर मिळतात. क्रायटेरियनचा अमेरिकेतला, स्टुडिओकनालचा युरोपातला. तयारीचा लघुपटही संचात असतो, तेव्हा सुटी डिस्क घेण्यापेक्षा संच बरा.

इथे नेहमी होणारा घोटाळा म्हणजे रिजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेयरवर चालेल याची विभागणी. अमेरिकेतली डिस्क 'ए' रिजनची असते, ब्रिटनमधली 'बी'. भारत 'सी' रिजनमध्ये येतो. त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेला संच पुण्यातल्या साध्या प्लेयरवर चालत नाही, आणि दुबईच्या प्लेयरवरही नाही, कारण आखात 'बी'मध्ये आहे. प्लेयर मल्टिरिजन आहे का हे डिस्क मागवण्याआधी तपासा. डीव्हीडीसाठी मल्टिरिजन असलेला प्लेयर ब्लू-रेसाठीही तसाच असतो असं नाही. खोक्यावर दोन्ही वेगवेगळं लिहिलेलं बघा.

वेगवेगळ्या ठिकाणी लांबी ८४ पासून ८९ मिनिटांपर्यंत छापलेली दिसते. तेवढ्यावरून काहीतरी कापलंय असं समजू नका. युरोपियन डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो, आणि दीड तासात एवढ्यानेच साडेतीन मिनिटं कमी होतात.

सबटायटल्सची काळजी नको. बोलणं थोडं आहे आणि त्यातलं बरंचसं नुसतं कुजबुजणं, हाका, निवेदकाची घोषणा. सुरुवातीला ताती सूत्रधार म्हणून जे बोलतो तेवढं मात्र समजून घ्या. या खेळात सगळ्यांनीच भाग घ्यायचा आहे, कलाकार म्हणजे तुम्ही आणि मी, असा त्याचा अर्थ. घोषणा झाली की सबटायटल्स बंद केलीत तरी चालेल. उलट डोळे मोकळे होतात.

पायरी ३: पडदा आणि आवाज

चौकट जुन्या टीव्हीसारखी, जवळपास चौकोनी आहे. १९२० × १०८० च्या टीव्हीवर ती मधल्या साधारण १४४० ते १४८० पिक्सेलांत बसते आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. हे बरोबर आहे. घरात कुणीतरी पडदा भरावा म्हणून रिमोटवरचं झूमचं बटण दाबतंच. तसं केलं की वरचा-खालचा मिळून जवळजवळ पाव भाग कापला जातो, आणि तातीची चेष्टा नेमकी तिथे, वरच्या रांगेत किंवा खालच्या कोपऱ्यात असते. ताणून रुंद केलं तर त्याहून वाईट: सहा फुटांहून उंच ताती ठेंगणा दिसतो आणि त्याची अर्धी विनोदबुद्धी त्या उंचीतच आहे.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी करा.

- हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कंपन्या तिला वेगवेगळी नावं देतात. हालचालीशी संबंधित जे काही असेल ते शून्यावर आणा. चेंडू झेलणाऱ्याचे हात हवेत विरघळल्यासारखे दिसत असतील तर ती सोय अजून चालू आहे.
- 'व्हिव्हिड' सोडून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड घ्या. व्हिडिओ टेपवरचा लाल रंग तसाही कडेला पसरतो. भडक मोडमध्ये तो शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर सांडतो.
- ओव्हरस्कॅन बंद करून चित्र जसंच्या तसं दाखवणारा पर्याय निवडा, नाहीतर चारी कडा थोड्या थोड्या खाल्ल्या जातात.
- धार वाढवणारी शार्पनेस खाली आणा. मऊ चित्राला धार लावली की माणसांभोवती पांढरी रेघ उमटते.

मधूनच चित्राचा पोत बदलतो. कधी व्हिडिओचा मऊपणा, कधी फिल्मचा दाणा. डिस्क बिघडलेली नाही, मूळ माध्यमंच वेगवेगळी वापरली आहेत.

आवाज एकाच वाहिनीचा आहे. घरी पाच-सहा स्पीकरांची व्यवस्था असेल तर तो फक्त मधल्या स्पीकरमधून येऊ द्या. 'स्टेडियम', 'हॉल' असले कृत्रिम परिणाम बंद करा. दोनच स्पीकर असतील तर दोघांच्या बरोबर मध्ये बसा. पातळी लावताना बहुतेक जण बोलण्याच्या आवाजावर जातात आणि फसतात, कारण इथे बोलणं म्हणजे मागची गुणगुण. टाळ्यांवरून लावा: टाळ्या खणखणीत पण कान न दुखवणाऱ्या झाल्या की बुटांची करकर, चेंडूचा ठप्पा, खुर्चीचं कुरकुरणं आपोआप ऐकू येतं. ताती आवाज नंतर वेचून बसवायचा. एखाद्या चेष्टेचा मुद्दा फक्त कानांनाच कळतो. त्यामुळे पंखा पूर्ण वेगात, कुकरची शिट्टी आणि हा चित्रपट एकत्र जमत नाहीत.

पायरी ४: पहिल्यांदा बघताना

नियम एकच: चित्रात कुठेही प्रेक्षक दिसले की आधी त्यांच्याकडे बघा, मग कलावंताकडे. उलटं करायची सवय इतकी पक्की असते की पहिली दहा मिनिटं हे जाणीवपूर्वक करावं लागतं.

सुरुवातीलाच परीक्षा होते. आत शिरणाऱ्यांच्या गर्दीत एक तरुण रस्त्यावरचा पट्ट्यापट्ट्यांचा शंकू उचलून टोपीसारखा डोक्यावर ठेवतो. त्याची मैत्रीण हसते आणि आपणही एक घालते. खेळ अजून सुरू झालेला नाही, तिकिटाची रांग आहे, आणि पहिला विदूषक आलासुद्धा. 'आता हे सगळं संपून सर्कस कधी दिसणार' असं वाटलं तर थांबा, मागे जा, तो प्रसंग पुन्हा बघा. तो चुकला तर पुढचा दीड तास निव्वळ कसरतींचा कार्यक्रम होऊन जातो.

आत गेल्यावर रिंगणाच्या कडेला, सजावटीच्या मागेपुढे रंगारी आणि कामगार दिसतील. ते खेळाचा भाग आहेत की नाहीत? हातातले ब्रश ते मध्येच झेलायला लागतात, तेव्हा उत्तर मिळतं. कोण कामाला आलंय आणि कोण सोंग करतंय हे ठरवायचा प्रयत्न करत राहा. ताती तो प्रयत्न सतत मोडत राहतो. गर्दीत अजिबात न हलणाऱ्या आकृतीही शोधा. काही प्रेक्षक पुठ्ठ्याचे आहेत, माणसाच्या आकाराचे कापलेले फोटो, जिवंत माणसांमध्ये बसवलेले. 'प्लेटाइम'मध्येही त्याने ही युक्ती वापरली होती. तिथे ती गर्दी वाढवण्यासाठी म्हणता येईल. इथे मात्र ती तुमच्यावरच उलटते: तुम्ही ज्याला प्रेक्षक समजत होता तो पुठ्ठा, आणि ज्याच्याकडे लक्ष नव्हतं तो पुढच्या क्षणी रिंगणात.

कार्ल कोसमायरच्या खेचराचा खेळ हे याचं सर्वांत सोपं उदाहरण. पाठीवर बसून दाखवा, असं प्रेक्षकांना आव्हान असतं आणि खेचर कुणाला टिकू देत नाही. उतरणाऱ्यांतला कोण खरा प्रेक्षक आणि कोण आधीच ठरवलेला गडी, याचा अंदाज बांधा, पण पडणाऱ्याकडे न बघता त्याच्या सोबत आलेल्या माणसांकडे बघून. लाज, काळजी, चोरटा अभिमान सगळं तिथे आहे. मुलांसोबत बघत असाल तर प्राण्यांच्या खेळांचा विषय इथे निघतो. भारतात अस्वल, माकड, वाघ, सिंह आणि बिबळ्या यांच्या खेळांवर १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली, एवढं सांगून पुढे जा. वाद चित्रपटानंतर घालता येतो.

हॉल, नॉर्मन आणि लॅड हे वाद्यं वाजवता वाजवता वेडेपणा करणारं त्रिकूट, पत्त्यांची जादू, कसरती, तरुण पोरांचं रॉक संगीत असे प्रवेश एकामागून एक येतात. सगळे सारख्या ताकदीचे नाहीत. काही चक्क रेंगाळतात, आणि ते मान्य करायला हरकत नाही. अशा वेळी घड्याळ न बघता बाकं बघा. कंटाळलेला प्रेक्षक कसा दिसतो हेही तातीने टिपलं आहे.

तातीची सोंगं, जरा सावकाश

इथे मात्र नियम बदला आणि रिंगणातच नजर ठेवा. त्याच्या हातात वस्तू नसतात. मूकाभिनय करणारे बरेच जण न दिसणारी वस्तू हातांनी चितारतात. ताती ती वस्तू शरीराच्या प्रतिक्रियेतून उभी करतो. म्हणून हातांकडे बघणाऱ्याला थोडंच मिळतं. बघायचं क्रमाने असं: पाय, मग कंबर, मग मान, शेवटी चेहरा.

गोलकीपरमध्ये वजन कोणत्या पायावर आहे ते धरा. चेंडू लांब असताना ते हळूहळू सरकत राहतं, जवळ आला की थिजतं. चेंडू कुठे आहे हे मान सांगते, तो किती जोरात आला हे कंबर. टेनिसमध्ये फटक्याइतकंच दोन फटक्यांच्या मधलं बघा. खेळाडू स्वतःला कसं आवरतो, चुकल्यावर दोष कुणाला देतो. मुष्टियुद्धात मारणारा आणि मार खाणारा एकच देह आहे. ठोसा बसल्यावर धक्का डोक्यापासून खाली कसा उतरतो ते पाहिलं की दुसरा माणूस दिसायला लागतो. मासे पकडणाऱ्यात वाट पाहणं हाच विनोद आहे, त्यामुळे तिथे घाई करणारा प्रेक्षक रिकाम्या हाताने परततो.

घोडेस्वार सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर. कमरेच्या वर स्वार, खाली घोडा, आणि दोघांचा स्वभाव वेगळा. स्वार ताठ, प्रतिष्ठित. घोड्याचे पाय आपल्या मर्जीचे. पहिल्यांदा फक्त खालचा अर्धा भाग बघा, मग मागे जाऊन फक्त वरचा, मग दोन्ही एकत्र. घरी तळहाताने पडद्याचा अर्धा भाग झाकून हे करता येतं आणि मुलांना ते फार आवडतं. वेगवेगळ्या देशांच्या वाहतूक पोलिसांच्या नकलेत हातांचे इशारे सगळेच बघतात. इशारा संपल्यावर पोलीस उभा कसा राहतो, ते बघा.

हा माणूस साठी ओलांडलेला आहे, हे विसरायला लावणं त्याचं कौशल्य आणि मधूनच आठवण होणं तुमचं नशीब.

मध्यंतर आणि शेवट: दोन मोठ्या चुका

चित्रपटात मध्यंतर आहे. म्हणजे सर्कशीत मध्यंतर होतं आणि ते चित्रपटाचाच भाग आहे. लोक उठतात, हिंडतात, आणि खेळ थांबत नाही. आपल्याकडे प्रोजेक्टर चालवणारा अर्ध्यावर दिवे लावतोच, घरात कुणीतरी चहा टाकायला उठतं. दोन्ही आधीच थांबवा. दीड तास सलग बघायचा. चहा आधी किंवा नंतर.

दुसरी चूक शेवटी होते. खेळ संपतो, प्रेक्षक निघतात, आपणही पिशव्या आवरायला लागतो. याच वेळी प्रेक्षकांतली दोन लहान मुलं मागे राहिलेल्या सामानाशी खेळायला लागतात. कॅमेरा त्यांच्यामागे राहतो. कुणी त्यांना अभिनय शिकवलेला वाटत नाही, आणि ते काही सफाईने करत नाहीत. वस्तू उचलतात, वाजवून बघतात, टाकतात. हे लांबलंय असं वाटेल. पण दीड तास ज्या बदलाची तयारी चालली होती तो इथे विनासायास होतो. हा भाग संपल्याशिवाय दिवे लावू नका आणि मोबाइल काढू नका.

पायरी ५: दुसऱ्यांदा बघताना

पूर्ण बघायची गरज नाही. दहा मिनिटांचा कुठलाही तुकडा घ्या आणि कागदावर तीन रकाने आखा: कोण बघतंय, कशाकडे बघतंय, त्यानंतर त्याने काय केलं. तिसरा रकाना भरताना थांबा-मागे-पुन्हा करावं लागेल. बघणाऱ्याने पुढे केलेली कृती बहुतेक वेळा आधी बघितलेल्या खेळाची नक्कल असते, हे कागदावर आलं की पटतं.

मग पाच मिनिटं आवाज बंद करून, आणि तीच पाच मिनिटं चित्राकडे पाठ करून. चित्रात जे तुम्हाला नीट दिसलंच नव्हतं ते आवाज सांगतो. चित्रपट शिकणाऱ्यांनी आणि नाटकवाल्यांनी हा सराव टाळू नये. बाकीच्यांनी सोडून दिला तरी काही बिघडत नाही.

मंडळात दाखवायचा असेल तर

घरासाठी विकत घेतलेली डिस्क सार्वजनिक ठिकाणी दाखवायचा हक्क देत नाही. परवानगी हक्कधारकाकडून किंवा त्याच्या वितरकाकडून घ्यावी लागते. पत्रात तारीख, सभागृहाचं नाव, आसनसंख्या, तिकीट आहे की मोफत आणि कोणत्या स्वरूपात प्रत हवी हे सगळं पहिल्याच वेळी लिहा. तुटक पत्रव्यवहारात आठवडे जातात. दीड-दोन महिने हाताशी ठेवा. मुंबई-पुण्यात आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच भाषा-संस्कृतीच्या संस्थेशी आधी बोलणं शहाणपणाचं, कारण फ्रेंच चित्रपट विनाव्यावसायिक दाखवण्यासाठी त्यांच्याकडे स्वतःची व्यवस्था असते. सेन्सॉर प्रमाणपत्राच्या बाबतीत सभासदांपुरत्या खेळासाठी नोंदणीकृत फिल्म सोसायट्यांना सवलत आहे, तेव्हा हौशी गटाने एखाद्या सोसायटीच्या छत्राखाली कार्यक्रम करावा.

चाळीस माणसांच्या खोलीचं गणित असं. पडद्यावर चित्राची उंची २ मीटर ठेवली तर रुंदी सुमारे २.७५ मीटर होते. पहिली रांग पडद्यापासून ४ मीटरवर. खुर्च्या सरळ ओळीत न मांडता घोड्याच्या नालेसारख्या वळवून तीन रांगांत मांडा, ११, १३ आणि १६. दोन रांगांत पाऊण ते एक मीटर अंतर. टोकाच्या खुर्च्या फार पुढे आणू नका, चित्र तिरकं दिसतं. फायदा असा की लोकांना एकमेकांचे चेहरे दिसतात आणि हसू एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतं. दहापेक्षा कमी माणसांत हा चित्रपट मवाळ वाटतो. पाचशेच्या सभागृहात तीस जण विखरून बसले तर मरतोच. छोटी खोली घ्या आणि ती भरा.

मागच्या रांगेच्याही मागे एक मंद दिवा, पडद्यावर उजेड न पडेल असा, चालू ठेवा. प्रोजेक्टर खुर्च्यांच्या मध्ये ठेवू नका, त्याच्या पंख्याची घरघर आवाजातले बारकावे खाते. संध्याकाळी पाचची वेळ चांगली, म्हणजे मुलं येतील. पाच वर्षांपुढची मुलं पुढच्या रांगेत बसवा आणि त्यांना बोलू द्या. गप्प करणाऱ्या आई-बाबांना गप्प करा. खायला द्यायचंच तर राजगिऱ्याचे लाडू, वेफर्सची पाकिटं नकोत.

प्रास्ताविक पाच मिनिटांचं. तातीच्या कर्जबाजारीपणाची कहाणी तिथे सांगू नका, लोक दयेच्या नजरेने बघतात आणि हसत नाहीत. सांगायच्या गोष्टी तीनच: यात कथा नाही, उलो नाही, मध्यंतर घेणार नाही. बाकी चर्चेसाठी ठेवा. चर्चेची सुरुवात 'चित्रपट कसा वाटला' या प्रश्नाने करू नका. 'तुम्हाला प्रेक्षकांतलं कोण आठवतंय' असं विचारा. पहिलं उत्तर हमखास कुठल्यातरी मुलाचं येतं, दुसऱ्यापासून मतभेद सुरू होतात.

पुढे काय बघायचं असं कुणी विचारलं तर 'फोर्झा बास्तिया'. १९७८ साली कॉर्सिका बेटावरचा बास्तिया हा फुटबॉल क्लब युएफा चषकाच्या अंतिम फेरीचा पहिला सामना आयंडहोवनच्या पीएसव्हीशी घरच्या मैदानावर खेळला. पाऊस इतका की मैदानाचं तळं झालं, सामना ०-० सुटला. ताती तिथे चित्रण करत होता. ते त्याच्या हातून पूर्ण झालं नाही. १९८२ मध्ये तो गेला. पुढे सोफीने ते जुळवलं आणि २००२ मध्ये ते लोकांसमोर आलं. अर्ध्या तासाहूनही कमी लांबीचा हा तुकडा तयारीच्या लघुपटासोबत त्याच संचात मिळतो. फुटबॉल त्यात नावापुरता आहे. पताका लावणारे, भोंगे वाजवणारे, मैदानातलं पाणी उपसणारे आणि सामन्यानंतर कचरा झाडणारे यांच्यावरच कॅमेरा खिळलेला आहे.